न आलेल्यांची हजेरी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही एकाच लोहमार्गावरची तीन गावे आता शहरे झाली आहेत. त्यांच्या पलीकडे डोंगराकडेला मात्र अजून पाडे आहेत. परवा बदलापूरच्या गाडीत आरोग्यखात्यातले एक स्नेही भेटले. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कार्यक्षमता मोजण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. डॉक्टर किती, परिचारिका किती, औषधांचा खर्च किती. आणि त्यातून रोगी किती तपासले, बाळंतपणे किती झाली, लसी किती टोचल्या. थोडक्या साधनांत ज्याचे काम जास्त, ते केंद्र सरस.

हिशेब मला पटला. सपाटीवर 30 हजार वस्तीमागे एक केंद्र, डोंगराळ भागात 20 हजारांमागे. पैसा लोकांचा, तेव्हा जाब मागायलाच हवा. पण का कोण जाणे, मला माझी एक जुनी लबाडी आठवली. शिष्यवृत्ती परीक्षेला मी एकदा कच्च्या मुलांचे अर्जच भरू दिले नाहीत. निकाल शेकडा 100 लागला. माझ्या हाती सत्काराचा नारळ आला तेव्हा त्यांतलाच एक मुलगा जोरजोराने टाळ्या वाजवीत होता.

केंद्राच्या नोंदवहीतही आलेल्यांचीच गणती. न आलेला धडधाकट होता, की त्याच्यापाशी गाडीभाडे नव्हते, हे वही सांगत नाही. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. तिथे तापाने फणफणलेले पोर कोणाच्या खात्यावर मांडायचे? उलट, वेळीच पाणी शुद्ध करून साथ अडवणाऱ्या केंद्रात गर्दी कमी. मग ते आळशी ठरायचे काय?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे मोजमाप घरोघर नेले. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू टिपला. गावातल्याच बायांना तान्ह्या बाळांची निगा शिकवली. इतर गावांशी ताडून पाहता, त्यांच्या 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू शेकडा 62 ने घटले. 1999 साली हे जगापुढे आले.

"तुमच्या तक्त्यात न आलेल्यांचा एक रकाना वाढवा," मी स्नेह्यांना म्हटले.

"गुरुजी, तो भरायला पाडे हिंडावे लागतील. ते हिंडणे कोणत्या रकान्यात दाखवू?"

मला उत्तर सुचले नाही. बदलापूर आले. घरी येऊन यंदा परीक्षेला कोण बसत नाही, याची यादी मात्र मी करायला घेतली.