जपणूक आणि वापर

छायाचित्रे मोठी करावयाचे वडिलांचे एनलार्जर आम्ही अनेक वर्षे कापडात गुंडाळून ठेविले होते. हात न लावणे हीच जपणूक, अशी आमची समजूत. परवा बाहेर काढले तो लोखंडी खांब जसाच्या तसा. परंतु दिव्याची पेटी वरखाली करणारी रबरी चाकी नुसतीच घसरू लागली. एकाच जागी दबून तिची एक बाजू चपटी झाली होती.

१८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाच्या योगाने रबर टिकाऊ केले खरे. तथापि वापर असो वा नसो, हवेतील प्राणवायू व ओझोन त्यास खातच असतात. (तेल घालण्याचा मोह मला झाला होता. तेलाने नैसर्गिक रबर फुगते, आणि चाकी अधिकच घसरते.)

अखेर जुने रबर खरवडून नवी रबरी कडी बसविली. तेव्हा घरात प्रश्न निघाला, हे आता वडिलांचेच यंत्र काय? जीर्णोद्धाराचा दाखला मी दिला; पण तो मलाच पुरेसा वाटेना. तेथे देवतेचे तत्त्व आधी कलशात आवाहन करून मगच दगडास हात लावितात. येथे तशी सोय कोठली? वडिलांनी झिजविलेले रबर गेले ते गेलेच.

ते तुकडे एका डबीत ठेविले आहेत. काल त्या यंत्रावर आईचे लग्नातील छायाचित्र मोठे केले.