बियाण्याची वहिवाट

भाजी विकत घेण्याइतका पैसा ज्यांच्या गाठीस आहे अशा सुखवस्तू कुटुंबांतही हल्ली गच्चीवर, सज्जात किंवा घरामागच्या चार हात जागेत परसबाग फुलविण्याची हौस पुन्हा दिसू लागली आहे, आणि तिचे मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे; परंतु या बागेचे मोल जोखताना आपण बहुधा किती भाजी निघाली आणि किती पैसे वाचले एवढाच हिशेब मांडतो. या हिशेबात परसबाग सहसा तोट्यात जाते, कारण कुंड्या, खत, पाणी आणि रोजची मशागत यांचा खर्चवेच जमेस धरला तर मंडईतला दोडकाच स्वस्त ठरावयाचा. तेव्हा तिची खरी थोरवी पाहावयाची तर या वहीत सहसा न लिहिल्या जाणाऱ्या दोन बाबींकडे वळले पाहिजे : एक, हंगाम सरल्यावर मागे राखलेले बी, आणि दुसरी, घरच्या गरजेहून अधिक झालेले पीक. या दोहोंचा नीट विचार केला की परसबाग एका घराची असली तरी एका घराच्या बळावर ती टिकत नाही, हे ध्यानात येते.

घरचे बी राखणे म्हणजे प्रथमतः जिभेस आवर घालणे. वेलावरचा सर्वांत निरोगी आणि भरदार दोडका खाण्याचा मोह टाळून तोच बियाला सोडावा लागतो. उरलेसुरले किडके फळ बियासाठी ठेवणारा माणूस पुढच्या वर्षीच्या वेलाचे गुण आपल्याच हाताने घटवीत असतो. असे राखलेले फळ वेलावरच पिवळे पडते, मग तपकिरी आणि हलके होते, हलविले की आतून खुळखुळते, आणि टोकाचे लहानसे झाकण सुटले म्हणजे जाळीच्या पोकळ्यांतून काळेभोर बी तळहातावर उतरते. टोमॅटोची रीत निराळी. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसह दोन-तीन दिवस आंबू द्यावा लागतो, कारण बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरते आणि आंबल्यावर ते सहज सुटते. त्यानंतर बी धुऊन सावलीत वाळवावयाचे. वाल-घेवड्याचे बी राखेत मिसळून गाडग्यात भरणे, भोपळ्या-काकडीचे बी शेणात थापून भिंतीला लावणे, या आपल्या आज्यापणज्यांच्या रीतींमागेही ओलावा आणि कीड यांपासून बियाणे वाचविण्याचा अनुभवसिद्ध विचार होता.

परंतु येथेच एका घराची मर्यादा उघड होते. घेवडा आणि टोमॅटो यांच्या फुलांत परागीभवन बहुतांशी आपले आपणच होत असल्यामुळे त्यांचा वाण एका वाफ्यातही शुद्ध राहू शकतो. दुधी, दोडका, लाल भोपळा यांची गोष्ट वेगळी. त्यांची नर आणि मादी फुले निरनिराळी असतात, पराग कीटकांकरवी जातो, आणि कीटक कोणाच्या कुंपणाची हद्द मानीत नाहीत. शेजारच्या परसात दुधीचा दुसरा वाण असेल तर आपल्या बियात त्याचा अंश येणारच. मुळा आणि मका यांचे बी पिढ्यान्‌पिढ्या एक-दोन झाडांवरूनच धरले तर वाण क्षीण होत जातो. त्याला पुष्कळ झाडांचा सहवास लागतो, आणि तेवढी झाडे लावण्यास लहान परसात जागा कोठून असणार? शिवाय अवकाळी पावसाने एखादे वर्ष बुडाले, किंवा घरातले जाणते माणूस गेले, की एकाच घरी असलेला वाण कायमचा नाहीसा होतो. तोच दहा घरी असेल तर एका घराचे नुकसान उरलेली नऊ घरे भरून काढतात. म्हणून माझे म्हणणे असे, की जे बी आपण दुसऱ्यास देतो तेच खऱ्या अर्थाने राखले जाते.

वाढाव्याच्या भाजीचे महत्त्व येथे कळते. श्रावण-भाद्रपदात वेल मांडवावर पसरले की भाजी एकदमच येऊन पडते. तिची बेगमी करण्याच्या रीती आपल्या गृहिणींनी फार पूर्वीच सिद्ध केल्या आहेत : कोहळ्याचे सांडगे, ताकात मुरवून वाळविलेल्या मिरच्या, उन्हात सुकविलेली गवार. तथापि ताज्या भाजीचा वाटा शेजारी पाठविणे ही त्याहून दूरदृष्टीची तजवीज होय, कारण भाजी चवीस उतरली की ‘या वेलाचं बी ठेवा हो आमच्यासाठी’ असा निरोप मागोमाग येतो. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे काही न खाण्याचा जो परिपाठ आहे, त्यामुळे निदान एक दिवस परसातल्या माठाला, अळूला आणि दोडक्याला पानात मानाचे स्थान मिळते, आणि त्या दिवशी कोणाच्या परसात काय आहे याची वाडीभर चौकशी होते. अमेरिका खंडातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यास लागली, आणि आज तिच्यावाचून आपला स्वयंपाक अडतो. अशी परकी रोपे आपल्या परसात रुजली त्यात कोणत्याही सरकारी फर्मानापेक्षा हातोहात झालेल्या देवघेवीचाच वाटा मोठा असला पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की संकरित बियाणे अधिक पीक देत असता जुने वाण कशास जपावयाचे? संकरित बियाण्याने शेतीचे उत्पन्न वाढविले हे निर्विवाद आहे. पण त्याच्या पहिल्या पिढीतला सारखेपणा पुढच्या पिढीत विस्कटतो. ही गुणांची फाटाफूट मेंडेलने 1866 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातच दाखवून दिली होती. असे बियाणे दरवर्षी नव्याने विकत घेणे भाग असते, म्हणून ज्याला बी धरावयाचे आहे त्याने सरळ वाणच लावला पाहिजे. दुसरा आक्षेप असा, की हे काम दिल्लीतल्या राष्ट्रीय जनुक पेढीसारख्या संस्था करीतच आहेत. त्यांचे कार्य मोलाचे आहे, परंतु उणे 18 अंशांत निजलेल्या बियास बदलत्या पावसाची आणि नव्या रोगांची ओळख होत नाही. ती दरवर्षी मातीत पडणाऱ्या बियासच होते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची जी बियाणे बँक उभारली आणि ज्या कार्यासाठी 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तिचे सामर्थ्य बियाणे साठविण्याइतकेच ते इतरांच्या शेतांत पोहोचविण्यात आहे.

या वहिवाटीस कायद्याचाही आधार आहे. 2001 सालच्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या 39व्या कलमाने शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, त्याची अदलाबदल करण्याचा आणि ते विकण्याचाही हक्क मान्य केला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे व्यापारी छाप लावून विकण्यास मनाई आहे. हक्क असा कागदोपत्री शाबूत असला तरी तो बजावणारे हात नसतील तर त्याचा उपयोग काय? म्हणून ज्याच्या दारी एक वेल आहे त्याने एक फळ बियाला सोडावे, वाणाचे नाव आणि साल चिठ्ठीवर लिहून ते बी निदान तीन घरी द्यावे, आणि देताना ते कसे धरावे हेही समजावून सांगावे; शाळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी पावसाळ्यापूर्वी अशा देवघेवीचा एक दिवस ठरवावा. पूर्वजांच्या हातून आपल्याला मिळालेले बी ही अमानत आहे, आणि ती पुढच्यांच्या हाती सोपविल्याखेरीज आपण तिच्या ऋणातून मोकळे होत नाही.