पाला पडण्यापूर्वी

शास्त्रवाचन : मत्तय २०:१-१६



आमच्या ग्वाल्हेरकडे डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री दव गोठते. त्याला इकडे 'पाला' म्हणतात. भोपळ्याचा वेल त्यापुढे टिकत नाही. संध्याकाळी हिरवागार दिसलेला वेल दुसऱ्या दिवशी काळवंडून जमिनीला चिकटलेला असतो.

लाल भोपळ्याचे बी पावसाच्या आरंभी टाकावे हे ठाऊक असूनही एके वर्षी मी चालढकल केली व सप्टेंबरच्या मध्यास बी टाकले. शेजारच्या वृद्ध माळीबाबांनी बोटांवर महिने मोजले. फळ पिकायला साडेतीन-चार महिने हवेत, म्हणजे वेळ जेमतेम. तेव्हा एकेका वेलावर दोनच फळे राखा व पुढची फुले खुडून टाका, असे त्यांनी सांगितले. एका वेलावर मी तसे केले. दुसऱ्यावर हात धजेना. ती पिवळी फुले किती शोभत होती! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाला पडला. पहिल्या वेलाची दोन्ही फळे नख रुतणार नाही इतकी पक्की झाली होती. ती ईस्टरपर्यंत घरात टिकली. दुसऱ्यावर सात होती. सातही कच्ची निघाली व सडली.

प्रभूच्या दाखल्यातील धनी एका दिवसात पाच वेळा मजूर शोधण्यास बाहेर पडला. शेवटच्यांना त्याने बोलाविले तेव्हा दिवस मावळण्यास एकच तास उरला होता, तरी त्यांना पुरी मजुरी मिळाली. हा दाखला आपणांस फार आवडतो, आणि त्याच्या आडून आपण "अजून वेळ आहे" असे म्हणतो. पण नीट वाचा. त्या मजुरांनी सकाळचे बोलावणे नाकारले नव्हते. त्यांना कोणी कामावर लावलेच नव्हते. बोलावणे येताच ते उठले. उशिरा आलेल्यांवर तेथे कृपा आहे; मुद्दाम उशीर करण्यास मोकळीक नाही.

मंडळीतील सभा, समित्या, मानपान ही पिवळी फुले वाईट नव्हेत. पण वेलाचा रस त्यांत जातो. मी तीन समित्यांवर होतो, आणि थोरल्या भावाशी वाटणीवरून नऊ वर्षे अबोला धरून होतो. ते दोन भोपळे घरात आणले त्या रात्री मी त्याला पत्र लिहिले. उत्तर यायला दीड महिना लागला, पण आले. पुढच्या पावसाळ्यात तो प्रभूमध्ये निजला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, तुमच्यापुढील मूल आणखी किती रविवार तुमच्या वर्गात बसणार? त्याला सारेच शिकविता येणार नाही. एखादे वचन तरी त्याच्या अंतःकरणात पिकेल असे करा.

प्रार्थना : हे धन्या, उरलेल्या तासात काय राखावे व काय खुडावे हे आम्हांस दाखव, आणि आजच उठण्यास बळ दे. आमेन.