तोलामोलाची जोड

मुलांचे खेळ हा विषय गंभीर चर्चेस योग्य नव्हे, अशी समजूत आपल्याकडे अद्यापि पुष्कळ आढळते. न्याय, समता, योग्यता हे शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय येते, विधिमंडळ येते. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेली चौकट काही येत नाही. परंतु जगाच्या न्यायान्यायाची पहिली चव मनुष्यास बहुधा त्या चौकटीतच मिळते, आणि वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी तेथे जे मनावर बिंबते ते पुढे ग्रंथ वाचून सहसा पुसले जात नाही. यास्तव शालेय सामन्यांत कोणत्या शाळेस कोणत्या शाळेशी खेळवावे, हा वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा दिसणारा प्रश्न येथे नीतीचा प्रश्न म्हणून विचारास घेतला आहे.

त्याला निमित्त झाले ते असे. गतवर्षी पावसाळा सरता सरता प्रस्तुत लेखक काही कामानिमित्त बिडकीन येथे गेला होता. छत्रपती संभाजीनगरहून पैठणास जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव आता पूर्वीचे राहिलेले नाही. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील शेंद्रा-बिडकीन वसाहतीमुळे गावाच्या एका अंगाला रुंद, सरळ रस्ते आले आहेत; दुसऱ्या अंगाला मात्र कपाशीची आणि तुरीची शेते पूर्वीप्रमाणेच उभी आहेत. जवळच्या एका मैदानावर शालेय कबड्डीचे सामने चालले होते, म्हणून सहज थांबलो. एका बाजूस होता मोठ्या पटाच्या शाळेचा संघ. बारा खेळाडू, सर्वांचा एकसारखा गणवेश, पायांत बूट, सोबत स्वतंत्र मार्गदर्शक. समोर एका लहानशा खेड्याच्या शाळेची सात मुले. सात म्हणजे मोजून सात. राखीव खेळाडू म्हणून बसावयास आठवा मुलगा त्या शाळेने आणलेलाच नव्हता. त्या सातांतील दोघे-तिघे आठवीतले असावेत, आणि समोरच्यांच्या खांद्याला त्यांची डोकी लागत होती.

सामन्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. लोणावर लोण चढत गेले. मध्यंतरापर्यंत निकालाविषयी कोणास शंका उरली नव्हती, आणि उत्तरार्धात तर जिंकणारी मुले एकमेकांकडे पाहून हसू लागली होती. खेळ संपल्यावर हरलेल्या संघाचे गुरुजी मुलांना वडापाव देत बसले होते. त्यांतील सर्वांत लहान मुलाने विचारले, “गुरुजी, आता आपला पुढचा सामना कधी?” गुरुजी म्हणाले, “आता पुढच्या वर्षी, बाळा.” आणि मग आमच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “पुढच्या वर्षी नाव घालायचे की नाही, तेच ठरत नाहीये. दरसाल हेच होते हो.”

मुलगा हरल्याबद्दल रडत नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याला आणखी खेळावयाचे होते, इतकेच.

आता या प्रसंगात अन्याय कोणता, असे विचारणारे निघतील. आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. मैदान एक, नियम एक, पंच एक. कोणी कोणास फसविले नाही. मोठ्या शाळेने मेहनत घेतली, तिला फळ मिळाले. दुबळ्याच्या सोयीसाठी सबळास बाजूस काढणे हा सबळावरच अन्याय नव्हे काय? जगात पुढे कोण त्यांच्यासाठी निराळी रांग लावणार आहे?

हा युक्तिवाद सरळ दिसतो, परंतु तो करणारे स्वतःच तो पुरता पाळीत नाहीत. आपले शालेय सामने चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा वयोगटांत होतात. मुलांचे व मुलींचे सामने निराळे होतात. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्यूदो यांत वजनाचे गट असतात. नियम सर्वांस एकच असला म्हणजे न्याय झाला, असे खरोखरच असते तर या सर्व विभागण्या आजच मोडाव्या लागतील. बारा वर्षांच्या मुलास अठरा वर्षांच्या मुलासमोर उभे करणे हा न्याय नव्हे, हे आपण केव्हाच मान्य केले आहे. तेव्हा विभागणी करावी की नाही हा वाद संपलेलाच आहे. ती कोठे थांबवावी, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. वयाचा आणि वजनाचा भेद आपण मानतो. मग साठ मुलांतून सात निवडणारी शाळा आणि सहाशेंतून सात निवडणारी शाळा यांतील भेद तेवढा अदृश्य का मानावा?

अरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मध्यम मार्गाचे विवेचन करताना मायलो या प्रसिद्ध मल्लाचा दाखला दिला आहे. एकास जो खुराक फार, तोच दुसऱ्यास थोडा; म्हणून दोहोंच्या मधला आकडा काढून तो सर्वांस सारखा वाढणारा वस्ताद शहाणा ठरत नाही. तो खुराक मायलोला कमी पडेल आणि नवशिक्यास अपचन करील. पराभवाचेही तसेच आहे. पराभव हा खेळाडूचा खुराकच होय, यात संशय नाही. परंतु त्यालाही मात्रा असते. दोन गुणांनी हरलेला मुलगा रात्री अंथरुणावर पडून आपली कोणती चढाई चुकली याचा विचार करतो. चाळीस गुणांनी हरलेल्या मुलाला विचार करावयास काही उरतच नाही. कारण तो काहीही करता तरी निकाल तोच लागता. पहिल्या पराभवात शिक्षण आहे. दुसऱ्यातून फक्त एवढेच कळते की आपण येथे येऊ नये.

यात बाद पद्धतीने आणखी भर घातली आहे. बत्तीस संघांचे सामने या पद्धतीने खेळविले तर एकंदर एकतीस सामने होतात, आणि सोळा संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. म्हणजे वर्षभर वाट पाहून निम्म्या मुलांच्या वाट्याला एकच सामना येतो. आणि हे निम्मे बहुशः तेच, ज्यांस खेळण्याची संधी इतरत्र सर्वांत कमी. सर्वोत्तम संघ कोणता हे थोड्या दिवसांत व थोड्या खर्चात शोधून काढावयाचे असेल तर ही पद्धत उत्तम आहे. परंतु शाळेतील खेळांचा हेतू तोच आहे काय? गणिताच्या वर्गात पहिल्या उदाहरणास चुकलेल्या मुलांस आपण वर्षभरासाठी घरी पाठवीत नाही. खेळ हा शिक्षणाचा भाग आहे असे आपण सभांतून म्हणतो, आणि मैदानावर मात्र त्याला केवळ चाळणी समजतो.

विषम सामन्याने हरणाऱ्याचेच नुकसान होते असे मानणेही बरोबर नाही. सन २०१६ च्या जानेवारीत कल्याण येथे आंतरशालेय क्रिकेटच्या एका सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा काढल्या. एका डावात हजारावर धावा यापूर्वी कोणी काढल्याची नोंद नव्हती. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. रिक्षाचालकाच्या त्या मुलाच्या कौशल्याविषयी आणि चिकाटीविषयी कोणाच्याही मनात आदरच उत्पन्न होईल. परंतु एक डाव व १३८२ धावांनी जिंकलेल्या सामन्यास स्पर्धा म्हणता येईल काय? देशभर त्या आकड्याचा जयघोष झाला. त्या आकड्याखाली दबलेल्या दुसऱ्या अकरा मुलांची आठवण थोड्यांनीच केली. आणि त्या गुणी मुलाच्या कोवळ्या खांद्यांवरही त्या आकड्याने अपेक्षेचे केवढे ओझे टाकले! तुल्यबळ गोलंदाजांसमोर केलेल्या शंभर धावांनी त्याला त्याच्या खेळाविषयी जे सांगितले असते ते या हजारांनी सांगितले नाही. प्रतिस्पर्धी हा खेळाडूचा आरसा आहे, आणि आरसाच फुटका असला तर जिंकणाऱ्यालाही आपले रूप खरे दिसत नाही.

हे तत्त्व आपल्याकडे कोणी नव्याने शिकवावयास पाहिजे असेही नाही. गावोगावच्या जत्रांतील कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिला आहे त्यांस ते ठाऊक आहे. तेथे पंच मंडळी पहिलवानांचे अंग, उंची, वय, तालीम नजरेने पारखतात आणि मग जोड लावतात. प्रथम चिमुरड्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग वाढत्या इनामाच्या, आणि दिवस मावळता मावळता मोठी कुस्ती. लहान पोराला रेवडीवर खेळविले म्हणून त्याचा अपमान झाला, असे कोणास वाटत नाही. उलट बेजोड कुस्ती लागली तर लोकच ओरडतात, “जोड नाही, जोड नाही!” आखाड्याच्या कडेस बसलेल्या त्या निरक्षर म्हाताऱ्यांची न्यायबुद्धी आपल्या सामन्यांच्या वेळापत्रकात उतरू नये, ही खेदाची गोष्ट होय.

वजनाचे गट नसते तर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे काय झाले असते, याचाही विचार करावा. सन १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. अवजड मल्लांच्या गर्दीत त्यांस लोटले असते तर त्यांची चपळाई जगास दिसलीच नसती. गटामुळे त्यांचा पराक्रम लहान ठरला, असे म्हणण्यास कोण धजेल?

तथापि या पक्षावर दोन गंभीर आक्षेप येतात, आणि त्यांस उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप स्वप्नाचा. अमेरिकेतील इंडियाना राज्यात माध्यमिक शाळांचे बास्केटबॉलचे सामने पुष्कळ वर्षे कोणताही गट न करता होत असत. सन १९५४ मध्ये मिलन नावाच्या गावाच्या, केवळ १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेस ३२ विरुद्ध ३० गुणांनी हरविले. ती कथा तेथील घराघरांत अजून सांगितली जाते. पुढे १९९७ साली ती पद्धत बंद होऊन पटसंख्येप्रमाणे चार गट झाले, तेव्हा अनेकांस वाटले की लहान शाळांस चषक मिळतील, पण मिलनचे स्वप्न गेले. हे दुःख खोटे नाही. परंतु अशा एका विजयाची कथा सत्तर वर्षे सांगितली जाते ती तो दुर्मिळ म्हणूनच. एका मिलनच्या कथेवर शेकडो शाळांनी वर्षानुवर्षे आपले पराभव गिळावे, ही अपेक्षा कथा ऐकणाऱ्यांस सोपी आहे, खेळणाऱ्यांस नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो आपल्या इतिहासातून येतो. मनुष्यांचे गट पाडण्याचा आपला अनुभव चांगला नाही. मुंबईचे क्रिकेटचे प्रसिद्ध सामने धर्मावारीने होत. सन १९०७ मध्ये तिरंगी, १९१२ मध्ये चौरंगी, १९३७ मध्ये पंचरंगी असे ते वाढत गेले, आणि महात्मा गांधींनी १९४० मध्ये त्यांविरुद्ध मत दिल्यानंतरही १९४६ पर्यंत टिकून राहिले. त्याच हिंदू संघात पाळवणकर बाळू हे त्या काळचे असामान्य गोलंदाज होते. परंतु जातीमुळे त्यांस कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांस १९२३ मध्ये मिळाले. असा वारसा असलेल्या समाजात ‘वरचा गट’ आणि ‘खालचा गट’ हे शब्द उच्चारताना जीभ अडखळली तर नवल नाही.

परंतु याच उदाहरणावरून खरी कसोटी हाती लागते. पंचरंगी सामन्यांतील गट जन्मावरून पडत. मनुष्य कितीही चांगला खेळला तरी त्यातून त्यास बाहेर पडता येत नसे. जत्रेतील जोड आजच्या बळावरून लागते. यंदा रेवडीवर खेळलेला पोर चार वर्षांनी नारळावर खेळतो. ज्या गटाचे दार वरच्या बाजूस उघडे आहे ती पायरी. ज्याचे दार बंद आहे ती जात. शाळांचे गट करावयाचे तर ते पायरीसारखेच असले पाहिजेत.

म्हणून केवळ पटसंख्येवर भिस्त ठेवूनही चालणार नाही. लहान पटाची एखादी शाळा वेचक मुले घेऊन वर्षभर तालीम देते, आणि मोठ्या पटाच्या एखाद्या शाळेस मैदानच नसते. पट हा आरंभीचा अदमास. खरे माप मागील दोन-तीन वर्षांच्या निकालांचे. तालुक्याच्या पातळीवर संघांचे दोन-तीन स्तर करावे. प्रत्येक स्तरात चार-चार संघांचे गट पाडून प्रत्येक संघास निदान तीन सामने द्यावे. जिंकणाऱ्यास पुढल्या वर्षी वर चढवावे. आणि खालच्या स्तरातील विजेत्यास त्याच वर्षी वरच्या स्तराशी खेळण्याचा हक्क ठेवावा, म्हणजे मिलनचे स्वप्नही जिवंत राहील. जिल्ह्यापासून पुढे सामने खुलेच असावेत. दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंस मिळणारे वाढीव गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के राखीव जागा यांचा संबंध वरच्या पातळीवरील यशाशी आहे. तेथे सवलतीच्या स्तरातील विजयाने वाट काढता आली तर समर्थ शाळाही मुद्दाम खालीच राहू पाहतील. यात खर्च वाढेल, दिवस वाढतील, पंच अधिक लागतील, हे खरे. परंतु ज्या गोष्टीस आपण शिक्षण म्हणतो तिच्यासाठी दिवस नाहीत असे म्हणणे शोभत नाही.

इतके करूनही विषमता नाहीशी होणार नाही. ज्या शाळेस मैदान नाही तिला स्तराने मैदान मिळणार नाही. ज्या मुलास सकाळी शेतावर जावे लागते त्याला तालमीचा वेळ मिळणार नाही. तोलामोलाची जोड लावली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे समजून कोणी स्वस्थ बसेल तर तो या लेखाचा विपर्यास होय. परंतु मैदान मिळेपर्यंत त्या मुलाचे शाळेतील वय थांबून राहणार नाही. तो यंदा तेरा वर्षांचा आहे. फार तर तीन-चार पावसाळे तो शाळेच्या संघातून खेळेल.

बिडकीनच्या त्या मैदानावरील सात मुलांनी चषक मागितला नव्हता, की दया मागितली नव्हती. पुढचा सामना कधी, एवढेच त्यांतील एकाने विचारले होते. या प्रश्नास ‘पुढच्या वर्षी’ याहून बरे उत्तर देणे आपल्या आवाक्यातले आहे. ते आपण देत नसलो तर त्याचा दोष नियमांच्या समानतेवर टाकता येणार नाही.