नकळत घडलेल्या हिंसेचा दोष कोणाचा?



पंचशील घेतल्यावर घराघरांत पहिली शंका निघते ती पहिल्या शीलाविषयी. नांगराच्या फाळाखाली किडा सापडून मेला, तर शील मोडले काय? तथागतांनी चेतनेला, म्हणजे मनातील हेतूला, कर्म म्हटले. मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून प्राणिहत्येचा दोष लागत नाही. हे उत्तर बरोबर आहे. परंतु ते फार सोपे करून घेतले, तर त्याच्या आड फार मोठे अकुशल लपू शकते. म्हणून आज बीड जिल्ह्यातल्या वाडीवस्तीला दूरचा वाटेल असा एक विषय आपल्यापुढे ठेवतो. तो म्हणजे म्हाताऱ्या झालेल्या अण्वस्त्रांच्या चाचण्या.

आपल्या परळीच्या वीज केंद्राचा पहिला संच १९७१ सालचा. तो जुना झाला आणि बंद झाला. त्याच्या एक वर्ष आधी, १९७० साली, अमेरिकेने मिनिटमन-३ नावाचे क्षेपणास्त्र विहिरीसारख्या खोल कोठ्यांत उभे करण्यास सुरुवात केली. त्याचे आयुष्य दहा वर्षांचे धरले होते. आज पन्नास वर्षे उलटून गेली, तरी अशी सुमारे ४०० अस्त्रे उभी आहेत. सुटे भाग बदलले, इंधन नव्याने भरले, पण अस्त्र तेच. त्यातले घन इंधन रबरासारखे असते. वर्षे गेली की त्याला भेगा पडू शकतात, ते कवचापासून सुटू शकते. भेगेत आग शिरली की दाब एकदम वाढतो आणि कवच फुटते.

म्हणून अधूनमधून एक अस्त्र कोठीतून काढतात, त्यावरचा अणुबॉम्ब उतरवतात आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून सुमारे ६,७०० किलोमीटर दूर, मार्शल बेटांतील क्वाजालीनकडे सोडतात. १ नोव्हेंबर २०२३ रोजी असे सोडलेले अस्त्र बिघडले, तेव्हा ते पॅसिफिक महासागरावर मुद्दाम नष्ट करावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या पाणबुडीतून सोडलेले ट्रायडंट जवळच समुद्रात पडले. त्या वेळी त्यांचे संरक्षणमंत्री स्वतः पाणबुडीवर होते!

कोणी म्हणेल, बिघाड चाचणीत कळला हे बरेच झाले; बैल चालवून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही. खरे आहे. पण बाजारात बैल चालवताना बाजाराला धोका नसतो. शिवाय चाचणी एका अस्त्राची होते. उरलेली बॉम्बसह तशीच उभी असतात, आणि त्यांना बिघडायला चाचणीच लागते असे नाही. १८ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात डमास्कस गावाजवळ टायटन-२ च्या कोठीत दुरुस्ती चालू होती. एका कामगाराच्या हातून पान्ह्याचे लोखंडी टोपण निसटले, खोल खाली पडले आणि त्याने इंधनाच्या टाकीला भोक पाडले. दुसऱ्या दिवशी पहाटे स्फोट झाला, एक जवान मेला आणि पुष्कळ जखमी झाले. हिरोशिमाच्या बॉम्बच्या शेकडो पट शक्तीचा बॉम्ब कोठीबाहेर फेकला गेला. तो फुटला नाही. त्या कामगाराचा हेतू कोणाला मारण्याचा होता काय? मुळीच नाही.

आता आपल्या घराकडे या. वर्धा जिल्ह्यातील पुलगावला देशातले सर्वांत मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तेथे आग लागली. आग विझवायला धावलेले जवान आणि अधिकारी मिळून दीड डझनाहून अधिक माणसे गेली. रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत होते, असे चौकशीतून पुढे आले. त्याच पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवला जात असता स्फोट होऊन सहा जण मेले. त्यांत कंत्राटावर लावलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. तेथे अणुबॉम्ब नव्हता, हे मान्य. पण जुन्या अस्त्राचा धर्म सगळीकडे सारखाच, आणि त्याची पेटी उचलायला कोणाला बोलावतात तेही सारखेच.

या मरणांत कोणाची चेतना शोधावी? पेटी उचलणाऱ्याची नव्हे. जो जाणतो की ही वस्तू पाझरते आहे, आणि तरी ती आणखी काही वर्षे ठेवतो, त्याचा निर्णय हेतुपूर्वक असतो. मरण कोणत्या दिवशी येईल एवढेच त्याला ठाऊक नसते. तथागतांनी अखेरच्या क्षणी अप्रमादाचा उपदेश केला तो उगाच नव्हे. प्रमाद म्हणजे हेतू नसणे नव्हे. जाणून न पाहणे म्हणजे प्रमाद. सरकारलाही हे कळते. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर बॉम्ब नव्हता, कोणी मेले नाही, कोणाचा हेतूही नव्हता. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले.

यावर आपल्यातलाच एखादा विचारील, ‘मग देशाने निःशस्त्र बसावे काय? बाबासाहेबांनी तर तसे सांगितले नाही.’ बरोबर. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. आपली मुले फौजेत आहेत, दारूगोळ्याच्या कारखान्यांत आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. परंतु गरज सिद्ध करायची तर कोणाला रोखायचे आहे आणि का, हे सांगता आले पाहिजे. चुकून सुटलेल्या अस्त्राला गरज नसते. अणुबॉम्ब तर सैनिक आणि पाळण्यातले पोर यांत निवड करूच शकत नाही. असे असून १९७४ च्या पोखरण स्फोटाला सांकेतिक नाव दिले ते ‘हसरा बुद्ध’. त्या नावाचा अभिमान धरणारे बौद्ध मला भेटले आहेत, आणि त्यांना काय म्हणावे मला कळत नाही.

शेवटी क्वाजालीनच्या लोकांविषयी, कारण त्यांचे नाव बातमीत येत नाही. चाचण्यांसाठी १९६० नंतरच्या दशकात त्यांतल्या पुष्कळांना आपापल्या बेटांवरून उठवून एबाय नावाच्या चिमुकल्या बेटावर वसवले. शंभर एकरही जमीन नाही आणि हजारो माणसे. त्यांतले कित्येक रोज बोटीने शेजारच्या तळाच्या बेटावर अमेरिकनांकडे कामाला जातात आणि काम संपले की बोटीने परत येतात. तेथे मुक्काम करण्याचा हक्क त्यांना नाही.