यजमान कोण?

पाटण तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सातारा, सांगली आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या हद्दी जिथे भिडतात, तिथे पाथरपुंज नावाचं छोटं गाव आहे. वारणा त्याच पठारावर उगम पावते. पावसाळ्यात राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याचं नाव हमखास येतं. एरवी ते कुणाच्या बोलण्यात नसतं. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात दोहोंची नोंद. जंगलाचा मान असा चढत गेला आणि त्याच पायऱ्यांनी आतली माणसं तिथे उपरी ठरत गेली. चांदोलीतली बरीच गावं खाली हलवली गेली. पाथरपुंज, मळे, कोळणे या गावांच्या पुनर्वसनाची चर्चा कित्येक वर्षं चालली. इकडे सातारा जिल्ह्यातल्याच कोरेगावसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात पावसाची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. इथल्या वेळू गावाने २०१६ साली चर खणून, बांध घालून पाणी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप जिंकला. त्यामुळे ‘जंगल राहायचं तर थोडा त्याग हवाच’ हे इथल्या माणसाला चटकन पटतं. फक्त हा त्याग कोणी करायचा, ते बोलणारा सहसा सांगत नाही.

त्यागाचा सर्वांत काटेकोर विचार आपल्याकडे मीमांसकांनी केला आहे. त्यांच्या लेखी याग म्हणजे देवतेला उद्देशून आपल्या वस्तूवरचा आपला हक्क सोडणं. ‘न मम’ हे यजमानाने स्वतः म्हणायचं, आणि वस्तू त्याचीच असायला हवी. जैमिनीसूत्रांच्या सहाव्या अध्यायात विश्वजित यागाची चर्चा आहे. या यागात सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचं असतं. मग सर्वस्वात काय काय मोडतं? आईबाप आपलेच असतात, पण ते देता येत नाहीत, कारण आपण त्यांचे मालक नव्हे. आणि भूमी? तीही देता येत नाही. ती सगळ्यांना सारखीच आहे. सूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी सार्वभौम राजालाही यातून सोडत नाहीत. राजा रक्षण करतो म्हणून पिकातल्या काही भागावर त्याचा अधिकार, जमिनीवर नव्हे. कर्मठ म्हणून हिणवल्या गेलेल्या या शास्त्राने इथे जो विवेक दाखवला आहे, तो आजच्या पुष्कळ सरकारी ठरावांत सापडणार नाही.

या कसोटीवर सह्याद्रीचं संरक्षण तपासलं, तर यज्ञाचं फळ कुणाला मिळतं ते उघड आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. दिवे लागतात ते देशावर आणि मुंबईकडे. वारणेचं पाणी सांगलीपर्यंतची शेतं भिजवतं. फळ आपलं, संकल्पही आपला, आणि दक्षिणेत मात्र दुसऱ्याचं गाव, दुसऱ्याचा गायरान-माळ, दुसऱ्याच्या ग्रामदेवतेचं ठाणं. कठोपनिषदातला वाजश्रवस निदान स्वतःच्या गाई देत होता. त्या दूध आटलेल्या होत्या म्हणून नचिकेत अस्वस्थ झाला आणि ‘मला कुणाला देणार?’ असं बापाला विचारत राहिला. पाथरपुंजच्या माणसाला तर दान देणाऱ्याशी बापलेकाचं नातंही नाही.

यावर पहिला आक्षेप प्राणिशास्त्राचा आहे आणि तो खरा आहे. वाघाला निर्धास्त जागा लागते. गुरांची चराई, वणवे, कुमरीची फिरती शेती यांनी रान विरळ होतं, हरणं-सांबरं कमी होतात, मग वाघ टिकत नाही. २०१८ मध्ये या प्रकल्पात कॅमेऱ्यात वाघ दिसला त्याचंच केवढं अप्रूप झालं! अशा वेळी उद्योगपर्वातला दाखला दिला जातो: वन वाघाला राखतं, वाघ वनाला राखतो, एकाविना दुसरा मरतो. दाखला देणारे विसरतात, की तिथे वन म्हणजे धृतराष्ट्राचे पुत्र आणि वाघ म्हणजे पांडव. युद्ध टाळण्यासाठी केलेलं ते वाटणीचं बोलणं आहे, आणि ते दोन्ही बाजूंना जगवण्यासाठी आहे. वाघाची गरज मान्य केली, तरी त्यातून जागा लागते एवढंच सिद्ध होतं. त्या जागेची किंमत कोणी मोजायची, हे प्राणिशास्त्र सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. आतल्या लोकांनाच बाहेर यायचं असेल तर? शाळा लांब, दवाखाना त्याहून लांब, पावसाळ्यात वाट बंद. तरुण पोरं मुंबईला. ‘आम्हाला एकदाचं हलवा’ अशी मागणी अशा गावांतूनच येते, आणि जंगलातलं जिणं सुंदर असतं म्हणून त्यांना तिथे थांबवणारे आपण कोण? २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेची संमती आवश्यक केली. व्याघ्र प्रकल्पातल्या कुटुंबामागे १० लाखांची रक्कम २०२१ मध्ये १५ लाख झाली. हे सगळं योग्यच. पण अभयारण्य आहे म्हणून रस्ता नाही, रस्ता नाही म्हणून मास्तर टिकत नाही, आणि शाळा नाही म्हणून गाव उठायला तयार. या साखळीच्या शेवटी आलेला होकार मोकळ्या मनाचा म्हणता येत नाही. रस्ता, वीज, दवाखाना हातात असताना जो ‘जातो’ म्हणेल, त्याचं जाणं खरं दान. बाकीचं कंटाळून सुटणं आहे. दोन्हींत गाव रिकामं होतं, पण धर्माच्या हिशेबात ते एक नाहीत.

देवराया दाखवून ‘माणसांनीच रान राखलं’ असं म्हणणाऱ्यांनीही जपून बोलावं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवरायांचं महत्त्व त्यातून कळलं, तसं त्यांचं आक्रसणंही. देवाच्या नावाने राखलेली झाडं देवळाच्या जीर्णोद्धारासाठी तोडली गेल्याचे प्रकारही आहेत. तरी देवराईत एक गोष्ट शास्त्रशुद्ध होती. कुऱ्हाड गावाची, सरपणाची गरज गावाची, आणि तेवढ्या तुकड्यावरचा हक्क सोडणारंही गावच. यजमान जागेवर हजर होता.

आपल्याकडे हे तत्त्व कायद्यालाही ठाऊक आहे. राज्याच्या १९७६ आणि १९८६ च्या पुनर्वसन कायद्यांनी धरणाच्या लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदाराकडून विस्थापितांसाठी जमीन घेण्याची तरतूद केली. कालव्याचं पाणी ज्याच्या बांधावर येतं, त्याने थोडी जमीन द्यायची. किती बागायतदारांनी खळखळ केली, किती कोयना धरणग्रस्तांना दशकानुदशकं मोर्चे काढावे लागले, तो इतिहास कडू आहे. पण नियम बरोबर होता, कारण त्यात फळ घेणारा आणि देणारा एकच होता. जंगलाचं लाभक्षेत्र मात्र अजून नकाशावर कुणी आखलेलं नाही. ते आखलं, तर त्यात कराड-सांगलीची उसाची शेतं येतील, कोयनेच्या तारांमागोमाग मुंबई-पुणं येईल, कोरेगावच्या बाजारपेठेतले दिवेही येतील. मग पाथरपुंजसाठी वीजबिलातले किती पैसे आणि कालव्याखालची किती गुंठे जमीन आपण देणार, हा आकडा ठरवायला आधी बसावं लागेल, आणि पाथरपुंजच्या ग्रामसभेपुढे प्रस्ताव त्यानंतर न्यावा लागेल.