जोड कोणाशी लावावी?

उतारवयातील विजेत्याने जोड कोणाशी लावावी, हा प्रश्न केवळ आखाड्याचा नव्हे, नीतीचाही आहे. अमेरिकेचा मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर याने २०१७ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आपली पन्नासावी लढत दिली ती कॉनर मॅकग्रेगरशी. मॅकग्रेगरची व्यावसायिक मुष्टियुद्धातील ती पहिलीच लढत! मेवेदर जिंकला आणि रॉकी मार्सियानोचा ४९ विजयांचा निष्कलंक आकडा त्याने ओलांडला.

उलटपक्षी, पंचवीस वेळा अजिंक्यपद राखलेला जो लुईस १९५१ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, तरुण मार्सियानोसमोर उभा राहिला आणि आठव्या फेरीत कोसळला. तरीही त्याचे नाव उणे झाले नाही. मात्र त्यास धैर्याचा पुतळा म्हणून आम्ही मोकळे होणे योग्य नव्हे. कराच्या थकबाकीनेच त्यास पुन्हा रिंगणात ओढले होते.

मग न्याय कोणता? दुबळी जोड निवडणे हे पाप नव्हे. परंतु तशा विजयास पराक्रमाचे मोल मागणे अप्रामाणिकपणाचे होय. विजय मोजता येतात. कीर्ती मात्र कोणाशी झुंजलो यावरून तोलली जाते. आणि थकलेल्या वीराचा पाडाव तिकीट काढून पाहणाऱ्यांनीही आपापले अंतःकरण तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.